गोळीला काही कळत नाही

१२ मे १९९४

तर त्याचं उत्तर असं आहे डेल, की गोळीला काहीच कळत नाही.

तू विचारलं होतंस, आठवतं? स्वयंपाकघरात टेबलाशी उभा होतास, हातात ती विटकरी रंगाची गोळी. "ऐली, हिला कसं कळत असेल गं, की दुखतोय तो गुडघा डावा आहे?" मी नुसती फिदीफिदी हसले होते, कारण मला तरी कुठे माहीत होतं. आणि आपली मुम्मूआजी म्हणाली होती, "तिला नसेल कळत, मला कळतंय ना. आण इकडे."

तीन वर्षं होऊन गेली. उत्तर आत्ता सापडलं.

मी आता मिस्टर पेनहेलांच्या औषधाच्या दुकानात रोज जाते. तू होतास तेव्हा फक्त शनिवारी जायचे. तिथे काउंटरखाली एक जाडजूड पुस्तक आहे, औषधं शरीरात जाऊन काय काय करतात त्याचं. उशाला घेता येईल एवढं. गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचते. परवा मिस्टर पेनहेल म्हणाले, "वाच बाई, पण चाटू नकोस. पानं चिकटतात."

तर गोळी. पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते आणि आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे जकात नाका. प्रत्येकाला अडवणार, कोणाकडून थोडं काढून घेणार, कोणाकडून जवळजवळ सगळंच, मग पुढे सोडणार. उरलेलं औषध रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं. कानाच्या पाळीत, पायाच्या अंगठ्यात, सगळीकडे! जिथे सूज असते तिथे शरीर एक रसायन बनवत असतं, आणि ते नसांना चिथावत असतं, ओरडा, अजून ओरडा. ती विटकरी गोळी त्या रसायनाचा कारखानाच बंद पाडते. गुडघ्यातलाही आणि बाकीचेही. बाकीच्यांतला एखादा चांगलं काम करत असला तरी त्यालाही टाळं. तिला काय कळतंय!

भारी आहे ना? मला हे कोणालातरी सांगायचंच होतं. आणि ऐकून घेणारा माणूस तिकडे जहाजावर लोखंडाचं खनिज वाहतोय.

तुझा पत्ता तुमच्या कंपनीच्या ऑफिसातून काढला. त्या बाई म्हणाल्या, जहाजाचं नाव घाला आणि डेट्रॉईटला पाठवा, तिथली डाक-बोट चालत्या जहाजाला जाऊन चिकटते आणि वरचे लोक दोरीला बादली बांधून सोडतात. म्हणजे हे पत्र बादलीत बसून तुझ्याकडे येणार. मला फार मजा वाटली.

आपले उक्की आजोबा बरे आहेत. तुझं नाव काढत नाहीत. पण रोज सकाळी कॉफी गार होऊ देऊन रेडिओवर सुपीरियर तळ्यावरच्या वाऱ्याचा अंदाज ऐकतात. नातू जहाजावर नसता तर ऐकला असता का?

तू लिहिलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी लिहीन.

ऐली


९ जुलै १९९४

तुझं तिसरं पार्सल आलं. चिठ्ठी याही वेळी नव्हती.

उक्की ते कसं उघडतात तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आधी दोरी सोडवतात. कापत नाहीत, सोडवतात, आणि गुंडाळून खिशात. मग साल्मियाक्कीच्या काळ्या वड्यांची पाकिटं एकेक करून टेबलावर मांडतात. मग खोकं उलटं करून बुडावर टिचकी मारतात. मग एक डोळा मिटून आत बघतात. मग म्हणतात, "चांगलं खोकं आहे," आणि पडवीत नेऊन ठेवतात. पडवीत आता तीन चांगली खोकी आहेत. एकातही काही ठेवलेलं नाही.

तू डलुथला उतरतोस आणि त्या फिनिश दुकानात जाऊन आठवणीने तोच प्रकार घेतोस, तो सगळ्यात काळा, सगळ्यात खारट, ज्येष्ठमधाचा अर्क ठासून भरलेला. इथे तो मिळत नाही. मी मिस्टर पेनहेलांना एक वडी दिली तर ते बिचारे कचऱ्याच्या डब्याकडे धावले. "आम्ही कॉर्निश माणसं खाणीत उतरलो," म्हणाले, "पण खाण तोंडात नाही घातली."

पूर्वी उक्की शनिवारी सौनात वाफ घेऊन आले की एक वडी खायचे, एवढंच. आता सकाळच्या कॉफीबरोबर, जेवणावर, आणि मग दुपारभर खिडकीशी तळ्याकडे तोंड करून. पाकीट दिवसभर पुरत नाही. मी विचारलं, "उक्की, डेलला काही निरोप लिहू?" तर म्हणाले, "कोण डेल?" आणि दुसरी वडी तोंडात टाकली.

असे आहेत तुझे आजोबा.

त्यांचं ब्लड प्रेशर वाढलंय. डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिलीय. ती कशी चालते सांगू? किडनीला ती म्हणते, मीठ धरून ठेवू नकोस, जाऊ दे. आणि मीठ जातं तिथे पाणी मागोमाग जातं, मिस्टर पेनहेलांच्या भाषेत, कुत्र्यासारखं. रक्तातलं पाणी कमी झालं की नळ्यांवरचा दाब उतरतो. फक्त जाता जाता पोटॅशियमही वाहून जातं, आणि ते तर स्नायूंना आणि हृदयाला हवं असतं. म्हणून डॉक्टर म्हणाले केळी खा. उक्की म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वर्षं केळ्यावाचून अडलं नाही."

आई रविवारी फीनिक्सहून फोन करते. तिथे एकशे दहा डिग्री आहे म्हणे. तुझं काही कळलं का विचारते. मी म्हणते, पार्सल येतं. ती म्हणते, मग ठीक आहे. तिला सगळं ठीकच वाटतं, दोन हजार मैलांवरून.

गेल्या वेळी मी कारखान्यांचं लिहिलं आणि मध्येच विषय बदलला. तुझ्या लक्षात आलं असेल. कुठले कारखाने ते मला माहीत आहे. पुढे कधीतरी लिहीन.

ऐली


२४ सप्टेंबर १९९४

काळजी करायला नको, पण लिहिते.

उक्कींचे पाय गेलेत. म्हणजे आहेत, पण चालत नाहीत नीट. मंगळवारी लाकडं फोडायला गेले आणि कुऱ्हाड खांद्यापर्यंतसुद्धा उचलेना. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी ती परत टेकवली, ओंडक्यावर बसले आणि इकडेतिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना. मी पडद्याआड झाले. मग दहा मिनिटांनी उगाच कॉफी घेऊन गेले. म्हणाले, "आज लाकूड ओलं आहे." लाकूड दोन वर्षांचं वाळलेलं आहे, डेल.

ब्लड प्रेशर अजून वर. डॉक्टरांनी पाण्याची गोळी दुप्पट केली, वर आणखी एक दिली. पाय अजून वाईट. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय थकलंय, असंच राहिलं तर घरी ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमाचं बघा. तो चाळीस मैलांवर आहे. उक्कींना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं.

"तिथे सौना आहे?"

"नाही उक्की."

"मग तिथली माणसं शनिवारी काय करतात?"

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

काल दुकानात आमचा पिशवीचा दिवस होता. दर वर्षी असतो. गावातली म्हातारी मंडळी घरातली झाडून सगळी औषधं वाण्याच्या तपकिरी कागदी पिशवीत भरून आणतात, काउंटरवर ओततात, आणि मिस्टर पेनहेल बघतात की कशाचं कशाशी भांडण होतंय का. मला हा दिवस जत्रेपेक्षा आवडतो. मिसेस सालोंनी नवऱ्याच्या गोळ्या आणल्या होत्या. मिस्टर सालोंना जाऊन सात वर्षं झाली. "फेकायला जिवावर येतं," म्हणाल्या. मिस्टर पेनहेलांनी बाटली परत त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाले, "ठेवा. फक्त खाऊ नका."

उक्कींच्या पिशवीतून चार बाटल्या निघाल्या, आणि घोड्याचं मलम. तेही ते स्वतःला लावतात! आणि एका बाटलीच्या बुडाला साल्मियाक्कीची एक वडी चिकटलेली.

"हे कुठलं औषध?" मिस्टर पेनहेलांनी चिमटीत धरून विचारलं.

"ते औषध नाही," उक्की म्हणाले. "ते नातवाचं आहे."

सगळे हसले. मीही. ती वडी मीच सोडवून तोंडात टाकली. मिस्टर पेनहेलांनी बाकी सगळं दोनदा तपासलं, कशाचंच कशाशी भांडण निघालं नाही.

नाव काढलं, एवढं लक्षात घे. डेल नाही म्हणाले, नातू म्हणाले. पण चारचौघांत म्हणाले.

ऐली


८ ऑक्टोबर १९९४

छोटंसंच लिहिते. या महिन्यात पार्सल नको पाठवूस. फडताळ भरलंय, जागा नाही. बाकी सगळं ठीक.

त्याऐवजी दोन ओळी लिहिल्यास तर? हवामानाच्या लिहिल्यास तरी चालेल.

ऐली


१३ नोव्हेंबर १९९४

फडताळ भरलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. आता खरं लिहिते, आणि तू मध्येच हे पत्र चुरगाळून तळ्यात फेकू नकोस. शेवटपर्यंत वाच. शेवटी जे आहे ते माझ्याबद्दल आहे.

पिशवीच्या दिवसानंतर चार-पाच दिवसांनी मी किडनीवरचं प्रकरण वाचत होते. पानाच्या तळाला बारीक अक्षरात तीन ओळी होत्या. वाचल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

तुला समजेल असं सांगते. तुझं जहाज सूच्या लॉकमधून, त्या मोठ्या दारांच्या कालव्यातून जातं ना, तसं समज. किडनीत एक लॉक आहे. त्याचं दार उघडलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. हे दार एकाच हार्मोनसाठी आहे, आणि ते थोडंसंच असतं. पण रक्तात दुसरं एक हार्मोन हिंडत असतं, भरपूर, आणि ते त्याच दारातून सहज जाऊ शकतं. म्हणून दाराशी एक पहारेकरी बसवलाय. दुसरं आलं की तो त्याला तिथल्या तिथे निकामी करतो. सगळं सुरळीत चालतं.

ज्येष्ठमध त्या पहारेकऱ्याला झोपवतं.

मग दार सताड उघडं. कोणीही या. शरीर मीठ साठवतं, पाणी साठवतं, दाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं, पाय लुळे पडतात. डॉक्टरांना फक्त दाब दिसला, म्हणून त्यांनी पाण्याची गोळी वाढवली, आणि उरलंसुरलं पोटॅशियम तिने नेलं. कधीतरी एखादी वडी खाल्ली तर काही होत नाही. रोज पाकीटभर, महिनोन्‌महिने खाल्लं तर होतं. आणि पिशवीच्या दिवशी ते आमच्या डोळ्यांसमोर काउंटरवर होतं. आम्ही औषधं तपासत बसलो, आणि ते औषध नव्हतं!

मी पुस्तक मिस्टर पेनहेलांपुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "चाळीस वर्षं हे पुस्तक या काउंटरखाली आहे," म्हणाले, "आणि मी ते फक्त स्टूल डुगडुगलं की वापरलं." लगेच डॉक्टरांना फोन लावला. रक्त तपासलं. पोटॅशियम तळाला गेलेलं.

पण उक्कींनी ऐकायला हवं ना! मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मिस्टर पेनहेल घरी येऊन समजावून गेले. त्यांचं एकच. "गोळ्या बंद करा. हे नाही करणार."

"उक्की, याने तुमचं हृदय बंद पडेल."

"पडू दे."

"अहो पण एका चघळायच्या गोळीसाठी—"

"गोळी नाही ती," असे ओरडले, कित्येक वर्षांत ओरडले नव्हते. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरगा लिहीत नाही. जे लिहितो ते हे आहे. मी वाचायचं नाही का?"



तुझं ऑक्टोबरचं पार्सल माझं पत्र पोचायच्या आत निघालेलं असणार. ते आलं. मी ते लपवलं नाही. लपवायला हवं होतं. गेल्या शनिवारी सौनाच्या बाहेरच्या खोलीत ते बाकावरून खाली घसरले. नाडी कशीही उडत होती. दोन दिवस हॉस्पिटलात होते, हातात सुई, सुईतून पोटॅशियम. आता घरी आहेत. फडताळात सहा पाकिटं आहेत, आणि ते त्याच खिडकीत बसलेत.

आता तू काय वाचतोयस ते मला माहीत आहे. तू वाचतोयस की पुन्हा तूच. मुम्मूला गोळ्या तू दिल्यास आणि उक्कींना हे पण तूच दिलंस. हे तुला लिहावं लागू नये म्हणूनच मी फडताळाचं खोटं लिहिलं. मुम्मूला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत उभे असताना उक्की तुला म्हणाले होते, "तुझ्या गोळ्यांनी गेली ती." तू कप खाली ठेवलास. कप फुटू नये म्हणून किती हळू ठेवलास ते मला अजून दिसतं. मग तू गेलास.

मी कोपऱ्यात केक कापत होते. कापतच राहिले.

आता ते कारखाने. किडनीला रक्त आणणारी जी नळी असते ती मोकळी ठेवायचं काम तेच रसायन करतं, जे गुडघ्यात ओरडायला लावतं. विटकरी गोळी दोन्हीकडे टाळं लावते. निरोगी माणसाला फरक पडत नाही. पण मुम्मू दाबाची गोळी घेत होती, ती किडनीची बाहेर जाणारी नळी सैल करते. पाण्याची गोळीही घेत होती, ती पाणी कमी करते. आत येणारं आवळलं, बाहेर जाणारं सैल, आणि मुळात पाणीच कमी. वर त्या आठवड्यात तिला जुलाब होत होते. किडनी कोरडी पडली. चार दिवसांत.

तू तिला दिवसाला दोन गोळ्या देत होतास. मला माहीत आहे, कारण बाटली मी आणली होती, दुकानातून, शनिवारी. आणि दोन मीही देत होते. शाळेतून आल्यावर. ती म्हणायची, "डेलला सांगू नकोस, तो उगाच डॉक्टरकडे नेईल." मला तर अभिमान वाटायचा की ती मला सांगते, तुला नाही.

सतरा वर्षांची होते हे कारण नाही. केक कापत राहिले, हे खरं आहे. मी पुस्तक वाचायला लागले ते हुशार आहे म्हणून नाही. मला बघायचं होतं की तू दिलेल्या दोनांनी झालं की मी दिलेल्या दोनांनी. गोळीला काही कळत नाही, कोणाच्या हातून आली तेही नाही.

आज हे पत्र टाकून घरी गेले की उक्कींना सांगणार आहे. आधी तुला, कारण आधी तुझं देणं लागते.

बाहेर वारा चढलाय. रेडिओवर आज अठरा फुटी लाटा सांगितल्या. उक्कींनी रेडिओ बंद केला नाही. जपून राहा.

ऐली


२१ डिसेंबर १९९४

मोजे पोचले.

दोन जोड, राखाडी, लोकरीचे. साल्मियाक्की नाही. म्हणजे पत्र बादलीतून नीट वर गेलं आणि तू ते शेवटपर्यंत वाचलंस. चिठ्ठी नव्हती, पण मी या वेळी फार वाईट वाटून घेतलं नाही. उक्कींनी खोकं उलटं केलं, टिचकी मारली, एक डोळा मिटून आत बघितलं. मग म्हणाले, "मोजे आहेत. म्हणजे त्याला माहीत आहे इथे थंडी आहे." चांगलं खोकं आहे, असं म्हणाले नाहीत. मोजे घालूनच बसले.

आता त्या दिवशी काय झालं ते. मी घरी गेले, कोट पण काढला नाही, आणि खिडकीशी उभं राहून सगळं सांगितलं. बाटली, दोन गोळ्या, केक. उक्कींनी वडी तोंडाकडे नेली होती, ती तशीच हातात राहिली. मला वाटलं आता मलाही तेच ऐकायला मिळणार, जे तुला मिळालं.

ते म्हणाले, "सकाळी मी देत होतो."

मला कळेचना.

"कॉफीबरोबर. दोन. म्हणायची, पोरांना सांगू नका, घाबरतील."

मी खालीच बसले. तिने तिघांना वेगवेगळं गाठलं होतं, डेल! प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच देतोय. कोणाला त्रास नको म्हणून तिने प्रत्येकाकडून थोडं थोडं मागितलं. सकाळी ते, दुपारी मी, रात्री तू.

"मग तुम्ही डेलला असं का म्हणालात?" मी विचारलं.

"कोणालातरी म्हणायलाच हवं होतं," ते म्हणाले. "स्वतःला म्हणवेना."

मग उठले. भिंतीला धरून फडताळापर्यंत गेले आणि पाकिटं काढून माझ्या मांडीवर टाकली. पाच. सहावं माझ्यासमोर शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "त्याच्याकडे बघू नकोस. हे मी खाणार नाही." आणि खरंच खाल्लं नाही. पहारेकऱ्याला जाग यायला दोन-तीन आठवडे लागतात म्हणे. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता, मी रोज पुस्तकाला शिव्या घातल्या. मग एक दिवस ते कॉफी आणायला स्वतः उठले. गेल्या शनिवारी पाणी सौनापर्यंत त्यांनी नेलं, अर्धी बादली, पण नेली. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, दुसरी निम्मी. वृद्धाश्रमाचा कागद मिस्टर पेनहेलांनी डुगडुगणाऱ्या स्टुलाखाली घातलाय, आता पुस्तक तिथे लावता येत नाही म्हणून.

मी म्हटलं, "उक्की, आता तुम्ही लिहा त्याला. मी म्हणालो ते चुकलं, एवढंच." त्यांनी पेन घेतलं. तासभर बसले. कागदावर "डेल" एवढंच होतं. "मला तोंडावर म्हणायला जमेल," म्हणाले, "कागदावर नाही. तोंडावर म्हणालो होतो, तोंडावरच परत घ्यायला हवं."

म्हणजे आता तू यायला हवास. जानेवारीच्या मध्यात सूचं लॉक बंद होतं, तुमचं जहाज गोदीला लागतं, मला सगळं माहीत आहे, रेडिओवर ऐकलंय. डलुथहून बस आहे. फाट्यावर मी येईन मिस्टर पेनहेलांची गाडी घेऊन. तुझी खोली गरम करून ठेवलीय. खरं सांगू, नोव्हेंबरपासूनच करते. लाकडं उगाच जळतात, उक्की काही म्हणत नाहीत. ते तर आल्यागेल्याला विचारतात, बस वेळेवर येते का हल्ली. अख्ख्या गावाला कळलंय की आमच्याकडे कोणाचीतरी वाट बघतायत, फक्त कोणाची ते आम्ही बोलत नाही.

मुम्मू असती तर तिनेही विचारलं असतं. प्रत्येकाला वेगवेगळं.

आता एकच राहिलं, आणि ते मला एकटीला ठरवता येत नाही. ते सहावं पाकीट अजून त्यांच्या खिशात आहे. शर्ट धुवायला टाकतात तेव्हा काढतात, दुसऱ्या शर्टात घालतात. काल म्हणाले, "तो आला की फोडू. त्याला एक, तुला एक, मला एक. सौनानंतर." पुस्तक चाळून बघितलं, मिस्टर पेनहेलांना विचारलं, ते म्हणाले एका वडीने त्या पहारेकऱ्याची पापणीही मिटणार नाही. पण गोळ्यांचं असलं गणित मी एकदा एकटीने केलं होतं, आणि तू एकट्याने, आणि उक्कींनी एकट्याने. या वेळी तिघांनी मिळून करू.

मी म्हणते, एक वडी चालेल. तुला काय वाटतं, डेल?